जुनं डल्सिमर, भिंतीसाठी नाही

ब्राउनश्वाइग

माझा स्वभाव शंकेखोर आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणतो, तो नोकरीचा परिणाम आहे. रेल्वेत असताना मी मालाच्या नुकसानीचे दावे तपासायचो. ‘वाटेत फुटलं हो साहेब’ म्हणत खोकं घेऊन येणारा प्रत्येक जण मला घरीच हातोडी मारून आलेला वाटायचा, आणि पुष्कळदा तसंच निघायचं. त्यात आमचं गाव मिरज. जिथे सतारी आणि तानपुरे घडतात तिथे मधले दलालही असतात. कालची सतार चहाच्या पाण्याने पुसून ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून कशी खपवतात, हे मी शाळेत असल्यापासून पाहिलेलं. असा मी जर्मनीत, परक्या भाषेत, जुनं वाद्य विकत घ्यायला तीन गावं हिंडलो, ही गोष्ट अजून मलाच खरी वाटत नाही.

मुलगा अनिकेत ब्राउनश्वाइगला इंजिनियर आहे. सून रेवती तिथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत. उन्हाळा संपता संपता आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझी बायको वसुधा. वसुधाने आयुष्यभर सतार वाजवली. घरी मुलं शिकायला यायची, दुपारी चार वाजले की आमच्या गल्लीत सारेगम सुरू. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात तेवढा राहिला. त्याची मूठ मिटते, पण एकेक बोट वेगळं हलत नाही. सतारीला तर एकेकच बोट लागतं. दवाखान्यातून आल्यावर तिने तो हात शालीखाली घातला आणि त्याविषयी बोलायचं नाही, हा घरातला न सांगितलेला नियम झाला.

ब्राउनश्वाइगच्या शनिवारच्या बाजारात, चीज आणि फुलांच्या गाड्यांमध्ये, एक म्हातारा स्टुलावर बसून वाजवत होता. मांडीवर लांबट, कंबरेशी निमुळतं लाकडी वाद्य. तीनच तारा. उजव्या हाताने तो तारा छेडत होता आणि डाव्या मुठीत एक छोटी काठी धरून ती एकाच तारेवरून पुढेमागे सरकवत होता. बाकीच्या दोन तारा तानपुऱ्यासारख्या नुसत्या घुमत होत्या. लोक नाणी टाकून पुढे जात होते. वसुधा मात्र थांबली. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती त्या मुठीकडे पाहत होती.

मी म्हणालो, “बरं आहे की वाद्य.”

“आपल्याला काय करायचंय,” ती म्हणाली आणि चालू लागली. पण बटाटे घेताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं, ते मी पाहिलं.

रेवतीने घरी येऊन शोधलं. त्याला माउंटन डल्सिमर म्हणतात. जर्मन लोक अमेरिकेत गेले तेव्हा असलीच एक तारांची पेटी घेऊन गेले, तिथल्या डोंगरात त्या पेटीचं हे झालं, आणि आता हौशी लोकांबरोबर परत आलंय. “नवीन हाताने बनवलेलं खूप महाग आहे, बाबा. पण जुनी मिळतात. आल्झो, म्हणजे तर मग, जाहिराती बघू या.”

जुनी मिळतात म्हटल्यावर माझे कान टवकारले.

बर्लिन

पहिली जाहिरात बर्लिनची. फोटो सुंदर, वर्णन त्याहून सुंदर, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेत शिरताना तिकीट कोणी विचारत नाही. दरवाजा नाही, शिपाई नाही, नुसतं चालत जायचं. जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला हा सापळाच वाटणार. मी तिकीट हातात धरून बसलो. “खिशात ठेवा हो,” वसुधा म्हणाली. मी ठेवलं नाही. दोन स्टेशनांनंतर समोर बसलेला फाटक्या जीन्सचा पोरगा उठला, खिशातून ओळखपत्र काढलं आणि तिकिटं मागू लागला. मी माझं त्याच्या नाकासमोर धरलं. त्या दिवसात मला एवढा आनंद पुन्हा झाला नाही.

विकणारा तरुण एका स्टार्टअपमध्ये होता, राहायला चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. वसुधा खाली बेकरीत थांबली. मी आणि रेवती धापा टाकत वर गेलो. त्याने ओटच्या दुधाची कॉफी दिली आणि डल्सिमरची स्तुती सुरू केली. डोंगरातल्या एका वृद्ध कारागिराने, एकाच झाडाच्या लाकडातून, हिवाळाभर बसून घडवलेलं. रेवती भाषांतर करत होती. मी मान डोलवत मोबाइलचा टॉर्च लावला.

वाद्याच्या पोटावर बदामाच्या आकाराची भोकं होती. मी भोकाची कड पाहिली. अख्खं लाकूड असेल तर कडेला एकच रेघ वाहते. इथे पापडांची चळत लावावी तसे थर दिसत होते. प्लायवूड. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

“त्याला विचार, त्या वृद्ध कारागिराने झाड थराथराने कापलं होतं का.”

रेवतीने सौम्य करून विचारलं असणार. तरुणाने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने ते कुणाकडून तरी तसंच ऐकून घेतलं होतं. मला त्याची दया आली, पण थोडीच. खाली वसुधाने माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. तिने उरलेला केक कागदात गुंडाळला.

त्सुफेनहाउझेन

रेवतीला स्टुटगार्टला ऑफिसचं काम निघालं, म्हणून आम्ही तिघं तिकडे गेलो. स्पोर्ट्स कारचा तो प्रसिद्ध कारखाना ज्या उपनगरात आहे, त्या त्सुफेनहाउझेनला दुसरं डल्सिमर होतं. आणि विकणारा चक्क आपला माणूस, कोथरूडचा समीर. त्याच्या बायकोने हौसेने घेतलं, मूल झाल्यावर ते कपाटावर गेलं.

“काका, तुम्ही मिरजेचे म्हणजे तुम्हाला मी काय सांगणार,” तो दारातच म्हणाला. आत गरम पोहे, वर ओलं खोबरं, शेजारी बाकरवडी. त्याच्या बायकोने वसुधाला ‘अहो काकू, इथे बसा ना’ करून उशी दिली. त्यांची मुलगी आमचं सगळं मराठी समजून घेऊन जर्मनमध्ये उत्तरं देत होती. रस्त्यातून अधूनमधून एखादी नवी गाडी गुरगुरत जायची. मला इतकं घरी असल्यासारखं वाटलं, की मी सावध झालो. माल दाखवण्याआधी पोहे देतात, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

वाद्य खरंच अख्ख्या लाकडाचं होतं, अक्रोडाचं. आवाज गोड. पण पोटाच्या मध्यावर एक गणपतीचं स्टिकर होतं, चांगलं तळहाताएवढं.

“हे कशाला लावलं?”

“काका, शुभ असतं ना. वाद्यावर गणपती.”

मी वाद्यावर बोटाने हळूहळू टकटक करत गेलो. सगळीकडे टणक आवाज, गणपतीपाशी आल्यावर भद्द. चीर होती, उभी, गणपतीच्या सोंडेइतकीच लांब. मी समीरकडे पाहिलं, समीरने पोह्यांच्या प्लेटकडे पाहिलं.

“गेनाऊ,” तो म्हणाला, “म्हणजे थोडीशी आहे, काका. पण तुम्हाला म्हणून कमी करतो.”

गेनाऊ म्हणजे ‘अगदी बरोबर’. तिथे राहिलेली आपली मंडळी हा शब्द श्वासागणिक वापरतात, आणि ज्याचं काही अगदी बरोबर नसतं तो जास्त वापरतो असं माझं निरीक्षण झालं होतं. आम्ही चहा घेतला, मुलीच्या हातात खाऊ दिला आणि निघालो. परतीच्या गाडीत वसुधा पहिल्यांदा त्या विषयावर बोलली.

“तुम्ही हे कुणासाठी करताय?”

“बघतोय नुसतं.”

“माझ्यासाठी करत असाल तर नका करू. सगळ्यांनी माझ्याकडे बघून चुकचुकायचं, आणि मी खेळणं वाजवायचं. मला नको.”

बाहेर द्राक्षांचे मळे मागे पळत होते. मला खरं बोलायचं होतं. तिची सतार भिंतीवर चादरीखाली पाहिली की मला जेवण जात नाही, हे सांगायचं होतं. मी म्हणालो, “ठीक आहे,” आणि डबा उघडला.

हार्त्सच्या डोंगरात

तिसरी जाहिरात रेवतीने परस्पर शोधली. ब्राउनश्वाइगच्या दक्षिणेला हार्त्सचे डोंगर आहेत, तिथल्या एका खेड्यातली. जाहिरातीला एकच फोटो, तोही अंधारा. ‘डोंगर बघायला जाऊ’ असं वसुधाला सांगून रेवतीने गाडी काढली.

गोस्लार सोडून वर चढलो तर डोंगरच्या डोंगर राखाडी दिसले. उभी झाडं, पण मेलेली. रेवती म्हणाली, पाऊस कमी झाला आणि सालीतल्या किड्याने खाल्ली. मधूनच खाली नवं हिरवं उगवलेलं. वसुधा खिडकीला डोकं लावून पाहत राहिली.

विकणाऱ्या फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, फाटकाशीच उभ्या होत्या. उंच, पांढरे आखूड केस, पायात बागेतले रबरी बूट. नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा. निवृत्तीनंतर मागच्या शेडमध्ये त्याने काही डल्सिमर केली, सगळी गेली, हे त्याचं स्वतःचं राहिलं. तो वारून दोन हिवाळे झाले होते. स्वयंपाकघरात मोठं टेबल, आलुबुखारचा केक आणि किटलीत कॉफी. आम्ही टेबलाशी बसलो, वसुधा खिडकीजवळच्या बाकावर, हात शालीत.

बाईंनी पेटी उघडली आणि वाद्याची स्तुती करण्याऐवजी त्याच्यावर आरोपपत्रच वाचायला घेतलं.

“बाबा, त्या म्हणतायत, पाठीला चीर होती, ती चिकटवलीय. ही खुंटी सरकते, सारखी पिळावी लागते. आणि पट्टीवरचा हा धातूचा पडदा झिजलाय, काठी इथे आली की तार खरखरते.”

“आणखी काय?”

“एवढंच.”

“असं कसं एवढंच? दोष आपणहून सांगणारा माणूस त्याहून मोठा दोष झाकत असतो. विचार पुन्हा.”

“बाबा, इथे असंच असतं. जाहिरातीतसुद्धा आधी दोष लिहितात.”

मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो. डोळ्याशी धरून पट्टी सरळ आहे का पाहिलं. सगळीकडे टकटक केली, भोकातून टॉर्च मारला, वास घेतला. अख्खं लाकूड. चीर त्यांनी दाखवली तिथेच, खुंटी त्यांनी सांगितली तीच. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा दावा माझ्यासमोर आला नव्हता. मला उलट जास्तच अस्वस्थ वाटायला लागलं.

मग त्यांनी विचारलं, “वाजवणार कोण?”

आता आमच्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मंडईत कोथिंबीर घेतानाही गरज दाखवायची नाही. जुडी उचलायची, नाक मुरडायचं, परत ठेवायची. गरज दिसली की भाव चढला. शिवाय वसुधा समोर बसलेली. तिच्यासमोर तिच्या हाताचं नाव मी काढणार नव्हतो. दोन्ही बाजूंनी मला एकच उत्तर सोयीचं होतं.

“सांग, आम्हाला हॉलमध्ये भिंतीवर लावायला पाहिजे. शोभेसाठी.”

रेवती माझ्याकडे बघत राहिली. “बाबा, असं सांगू?”

“सांग तू.”

तिने सांगितलं. फ्राउ लिंडनरनी केकची सुरी खाली ठेवली, वाद्य उचललं, पेटीत घातलं आणि झाकण लावलं. रागाने नाही, दूध ओट्यावरून उचलून फ्रिजमध्ये ठेवावं तसं.

“त्या म्हणतायत, भिंतीसाठी नाही,” रेवती हळूच म्हणाली. “केक मात्र घ्या म्हणतायत.”

मला वाटलं, ही त्यांची भाव वाढवायची रीत. म्हणून मी जाहिरातीतल्या किमतीपेक्षा जास्त आकडा सांगितला. झालं, बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी रेवतीला काहीतरी विचारलं आणि रेवती लाल झाली.

“तुम्ही जुन्या वाद्यांचे दलाल आहात का, असं विचारतायत.”

मी ज्या नजरेने जन्मभर लोकांकडे पाहिलं, तीच नजर टेबलापलीकडून माझ्यावर रोखलेली होती. ती कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं. लागते. मी काहीतरी पुटपुटलो आणि उठू लागलो. वाद्य हातचं गेलं होतं, आणि असं दुसरं मिळेपर्यंत आमचा व्हिसा संपणार होता. पेटीवर हात ठेवून बाईंनी शेवटचं काहीतरी विचारलं.

“तुमच्या भिंतीवर आधीपासून काय टांगलंय?” रेवतीने सांगितलं.

मी उठता उठता पुन्हा खाली बसलो.

“माझी सतार,” खिडकीतून आवाज आला.

वसुधा उठली. बाकापासून टेबलापर्यंत ती भिंतीला न धरता आली. “रेवती, मी बोलते ते त्यांना सांग. मधलं काही गाळू नकोस. सांग, माझी सतार आहे भिंतीवर. खिळा ह्यांनी मारला, पण मारायला मीच सांगितलं. मला ती खोलीत पाहवत नव्हती आणि घराबाहेरही द्यायची नव्हती.” मग तिने शालीतून डावा हात काढला आणि टेबलावर, केकच्या बशीशेजारी ठेवला. “आणि सांग, हे खोटं बोलले. यांना हे माझ्यासाठीच पाहिजे. मला नको होतं. आता पाहिजे.”

रेवतीने सगळं सांगितलं. गाळलं काही नाही. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. वर्षभर मी हात न बघितल्यासारखं करत होतो, आणि तिला वाटत होतं मला तो बघवत नाही.

फ्राउ लिंडनर शेडमध्ये गेल्या आणि एक काठी घेऊन आल्या. बोटाएवढी, एका बाजूला अंगठ्याचा खळगा पडलेली. त्यांनी ती दाखवून वसुधाला मानेने विचारलं, चालेल का. वसुधाने होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी तिची मूठ आपल्या हातात घेतली, एकेक बोट सावकाश उघडलं, काठी आत ठेवली आणि मूठ मिटू दिली. घरी आम्ही कुणी कधी एवढं केलं नव्हतं.

वाद्य तिच्या मांडीवर आलं. पहिले काही सूर ऐकवत नव्हते, काठी किरकिरली, एकदा निसटली. तिने खुंट्या पिळून घेतल्या, दोन तारा षड्ज-पंचमात लावल्या, आणि खोली एकदम तानपुऱ्यासारखी भरली. मग तिने सगळे पडदे एकदा चाचपून पाहिले. शुद्ध स्वरांचेच होते. सा, रे, ग. गंधारावर तार खरखरली. तिने पुन्हा तोच लावला. आणि मग अगदी धीम्या चालीत भूप सुरू केला. भूपात थांबायची जागा गंधार. ती परत परत तिथे येई, आणि ते वाद्य परत परत तिथेच खरखरे.

फ्राउ लिंडनर हळूच खाली बसल्या.

“त्या म्हणतायत,” रेवती कुजबुजली, “तोही तिथेच थांबायचा. म्हणून तो पडदा झिजलाय.”

किंमत जाहिरातीत होती तेवढीच त्यांनी घेतली. मी वर देऊ केलेली नोट त्यांनी परत केली, भाव कमीही केला नाही. दारात म्हणाल्या, एक अट आहे. मी लगेच रेवतीकडे पाहिलं, आता निघालं! अट ही, की कधीतरी फोन करून वाजवून दाखवायचं.

मिरज

सामानात वाद्य टाकण्याचा प्रश्नच नव्हता. वाटेत काय काय फुटतं ते मला माहीत आहे. विमानात मी ते मांडीवर घेऊन बसलो, हवाई सुंदरीने वर ठेवायला सांगेपर्यंत. काठी वसुधाच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली.

इथे आल्यावर ओळखीच्या सतार बनवणाऱ्याला घरी बोलावलं. त्याने खुंटी बसवून दिली, वाद्य डोळ्याशी धरून पाहिलं आणि कारागिराचं कौतुक केलं. मग म्हणाला, “वहिनी, हा पडदा बदलून टाकतो. खरखर जाईल.”

“त्याला हात लावायचा नाही,” वसुधा म्हणाली.

सतार अजून भिंतीवर आहे. फक्त तिच्यावरची चादर एक दिवस धुवायला टाकली, ती परत घातली नाही.

गेल्या रविवारी आम्ही हार्त्सला फोन लावला. रेवती फोनवर नव्हती, त्यामुळे आमचं जर्मन आणि त्यांचं मराठी मिळून नमस्कारापुढे गेलं नाही. मी मोबाइल वाद्याजवळ धरला. वसुधाने भूप घेतला. अजून चुकते ती, काठी घसरते, मग स्वतःवरच चिडते. पलीकडे इतकी शांतता, की फोन कटला की काय अशी मला शंका आली आणि मी दोनदा स्क्रीन पाहिला. चालू होता. मग वसुधा गंधारावर आली, थांबली, आणि तार खरखरली.

“गेनाऊ,” पलीकडून फ्राउ लिंडनर म्हणाल्या.

वसुधाने तो गंधार पुन्हा लावला.